मामांची पदावनती

माझ्या मामांना सगळे नातेवाईक पाठीमागे 'प्रभारी' म्हणतात, आणि मामांना ते ठाऊक आहे. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली. कुठला दिवा चालू, कुठला बंद, कुठला नुसताच मिचमिचतोय, ह्याचे सगळे कागद त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे. साहेब रजेवर गेले की खुर्ची मामांकडे यायची आणि साहेब परत आले की मामा उठून आपल्या टेबलाशी जायचे. असे किती साहेब आले नि गेले, मधल्या प्रत्येक फटीत मामा प्रभारी. दारावरच्या पाटीवर नाव काही लागलं नाही. एकदा पाट्या रंगवणारा माणूस फुटपट्टी घेऊन त्यांच्या टेबलापर्यंत आला होता, पण तो शेजारच्या खोलीचा रस्ता विचारायला.

मामा माणूस सोन्यासारखा. खोट एकच, त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. दारावर कुणी विक्रेता आला की मामी आतून आग लागल्यासारखी धावत येते, कारण ती पोचेपर्यंत मामांनी काहीतरी घेतलेलं असतं. बुटांचे ब्रश तर त्यांच्या घरात इतके आहेत की शेजारचे लग्नाला जाताना आधी मामांकडे येतात. एक परकी भाषा शिकवणारा भलामोठा संचही आहे. ती भाषा दोघांपैकी कुणालाही शिकायची नव्हती.

"बिचारा एवढे जिने चढून आला होता गं," मामा म्हणाले होते.

त्यांचं घर तळमजल्यावर आहे.

मामीचं सगळं उलट. मामी पडदे शिवते. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते, कापड सुचवते, घरी येऊन शिवते आणि शिडी घेऊन स्वतः टांगून येते. कुणी काही गळ्यात मारायला लागलं की ती आधी चष्मा कपाळावर सरकवते आणि मग विचारते, "हे कशासाठी?" मग विचारते, "तुम्हाला कुणी पाठवलं?" बहुतेक लोकांचं काम तिथेच आटोपतं. भाजीवाला तिला बघून गाडी पलीकडच्या बाजूने नेतो, असं मामा म्हणतात. मामीच्या समोर मात्र म्हणत नाहीत.

कम्प्युटर आणला तो मामीसाठी. आजकाल गिऱ्हाइकांना पडदा टांगायच्या आधीच तो आपल्या खिडकीवर कसा दिसेल ते बघायचं असतं. मामी खिडकीचा फोटो काढते, त्यावर पडद्याचं चित्र बसवते, रंग बदलून दाखवते. हे सगळं ती पन्नाशी उलटल्यावर शिकली आणि झकास शिकली. दुकानदाराने कम्प्युटर घरी आणून जोडून दिला. जोडताना त्याने विचारलं, "नाव कुणाचं टाकू?" मामी तेव्हा कुणाच्यातरी दिवाणखान्यात शिडीवर होती. मामा जवळ उभे होते. त्यांचं नाव पडलं.

ते नुसतं नाव पडून भागलं असतं. पण दुकानदाराने सगळं मराठीत करून दिलं होतं, आणि मामांच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक शब्द आला: 'प्रशासक'.

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दुकानदाराला हळूच विचारलं, "हे असं सगळ्यांना देतात का?"

"पहिल्या माणसाला देतात," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

मामांच्या दृष्टीने तो नुकता सुरू झाला होता. त्यानंतर जो कुणी घरी येई त्याला मामा कम्प्युटर दाखवत, आणि कम्प्युटर दाखवताना नेमकं ते पान उघडत. मी गेले तेव्हा मलाही दाखवलं. मी एका इस्पितळाच्या कम्प्युटर विभागात काम करते, त्यामुळे माझ्याकडून त्यांना जरा जास्त कौतुक हवं होतं.

"मामा, हे दुकानदाराने सोयीसाठी केलंय," मी म्हटलं. "पण रोजच्या कामाला हे खातं वापरू नका. एक साधं खातं काढून देऊ का?"

"साधं कशाला?" मामा म्हणाले. "आहे ते चांगलंच आहे की."

आणि चहा आला, आणि मामीने कुणाच्यातरी गोल खिडकीचा फोटो काढून दाखवला, आणि तो विषय मागे पडला.

मामांना खरा आनंद झाला तो पुढे. कम्प्युटरवर काहीही नवीन बसवायला गेलं की त्याचा पडदा काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते. 'ह्या प्रोग्रॅमला आपल्या कम्प्युटरमध्ये बदल करण्याची परवानगी द्यायची आहे का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. आता बघा, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या परवानगीसाठी कागद वर पाठवले, 'मान्यतेस्तव सादर' लिहून लिहून ज्याच्या पेनाची निबं झिजली, त्याच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी हात जोडून उभं होतं. मामा अशा वेळी खुर्चीत ताठ बसायचे. शर्टाची कॉलर नीट करायचे. मजकूर शेवटपर्यंत वाचायचे. मग 'होय' दाबायचे.

'नाही' हे बटण त्यांनी कधी दाबलंच नाही. "कुणीतरी एवढ्या आदबीने विचारतंय," ते म्हणायचे.

आता वजिराबद्दल सांगायला हवं. वजीर हा मामांचा मित्र, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. दोघे संध्याकाळी बागेतल्या बाकावर बुद्धिबळ खेळतात. आपला वजीर मारला गेला की हा माणूस डाव तिथेच टाकून घरी निघून जातो, म्हणून त्याचं नाव वजीर. एके दिवशी बागेत बाकं रंगवायला काढली, बसायला जागा राहिली नाही, तेव्हा वजीर पेन ड्राइव्ह घेऊन मामांकडे आला. त्यात बुद्धिबळाचा खेळ होता. विकत घ्यायला महाग, पण जावयाच्या कुणा मित्राने 'कुलूप काढून' फुकट दिलेला.

खेळाबरोबर मराठीत एक सूचनापत्रक होतं. मामांनी ते मोठ्याने वाचलं. "खेळ बसवण्यापूर्वी कम्प्युटरचं विषाणूविरोधी संरक्षण पूर्णपणे बंद करा. नंतर परवानगी मागितल्यास होय म्हणा."

"म्हणजे आधी रखवालदाराला जेवायला पाठवायचं," मामा म्हणाले, "आणि मग पाहुण्यांना आत घ्यायचं."

"असंच असणार," वजीर म्हणाला. "तो उगाच भुंकतो ना मधेमधे."

दोघांपैकी एकालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही. मामांनी संरक्षण बंद केलं. चौकट आली. मामा ताठ बसले. होय.

खेळ मात्र अप्रतिम होता. सोंगट्या खऱ्या लाकडाच्या वाटायच्या. वजीर त्या आठवड्यात तीनदा तरी उठून घरी गेला.

मग हळूहळू कम्प्युटरच्या अंगात आलं. आधी पंखा सुरू झाला. कुणी काही काम करत नसतानाही तो असा घोंघावायचा की जणू खोलीतून विमान सुटणार आहे. मग इंटरनेट उघडलं की पहिल्यांदा टक्कल घालवणाऱ्या तेलाचं दुकान यायला लागलं. मामांना भरघोस केस आहेत, त्यामुळे ते गप्प राहिले. वजिराला नाहीत, त्याने ती जाहिरात आपल्यावर घेतली आणि दोन दिवस आला नाही. एक 'महारक्षक' नावाचा प्रोग्रॅम कुठून तरी उगवला. तो दर थोड्या वेळाने लाल अक्षरांत सांगायचा की तुमच्या कम्प्युटरमध्ये शेकडो विषाणू आहेत आणि आम्हाला पैसे दिलेत तर आम्ही ते काढू.

कडेलोट झाला तो एका दंतवैद्य बाईंसमोर. त्या आपल्या दवाखान्याच्या पडद्यांसाठी आल्या होत्या. मामी त्यांना खिडकीचं चित्र दाखवत होती, इतक्यात कम्प्युटरमधून एक बाई किंचाळली, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे!"

"कशासाठी?" दंतवैद्य बाईंनी गोंधळून मामीला विचारलं.

हा प्रश्न एरवी मामी विचारते. तिने कम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली, बाईंना दारापर्यंत पोचवलं आणि मामांना हाक मारली. ती हाक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐकू गेली.

मामांनी सगळं निस्तरायचं ठरवलं. प्रशासक म्हणून ती आपली जबाबदारी आहे, असं त्यांनी मामीला सांगितलं. कम्प्युटर पुन्हा चालू केला, विषाणूविरोधी संरक्षणाचं पान उघडलं आणि ते सुरू करायला गेले. बटण हलेना. खाली एक ओळ आली. ती वाचून मामांनी मला कामावर फोन केला. एरवी ते मला कधी कामावर फोन करत नाहीत.

"ऐक," ते म्हणाले. आवाज दबका होता. "इथे असं लिहिलंय, 'ही सेटिंग आपल्या प्रशासकाच्या नियंत्रणात आहे. बदलासाठी प्रशासकाशी संपर्क साधा.'"

"बरं."

"अगं, बरं काय? प्रशासक मी आहे! मी माझ्याशी कसा संपर्क साधू?"

मला हसू आवरेना, पण त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी फोन तोंडापासून लांब धरला.

"आणि मी असा काही आदेश काढलेला नाही," ते म्हणाले. "माझ्या सहीशिवाय निघालाच कसा?"

"मामा, कम्प्युटर बंद करून ठेवा. इंटरनेटची वायर काढा. मी कामावरून सुटले की येते."

संध्याकाळी पोचले तेव्हा मामा कम्प्युटरसमोर बसले होते, तो बंद असूनही. एखाद्या आजारी माणसाजवळ बसावं तसे. मामी टेबलावर कापड बेतत होती आणि कात्री जरा जास्तच आवाज करत होती.

मी इंटरनेट न जोडता कम्प्युटर चालू केला आणि खात्यांचं पान उघडलं. तिथे दोन खाती होती. एक मामांचं. दुसरं 'सहाय्य' नावाचं, आणि त्याच्याखालीही तेच लिहिलेलं, प्रशासक.

"हा कोण?" मामा खुर्चीतून उठले. "ह्याची नेमणूक कुणी केली?"

"तुम्ही."

"मी? मी ह्याचं तोंडही पाहिलेलं नाही!"

"त्या दिवशी खेळ बसवताना तुम्ही 'होय' म्हणालात ना? खेळाच्या आत हा लपून बसला होता. प्रशासकाने ज्याला होय म्हटलं, त्याला प्रशासकाचे सगळे अधिकार मिळतात. त्याने आत येऊन आधी रखवालदाराला बांधून ठेवलं, मग पुढच्या वेळेसाठी स्वतःलाच प्रशासक नेमलं. आता तो तुमच्या नावाने हवं ते करतोय."

मामा खाली बसले. त्या दुसऱ्या प्रशासकाचं नाव त्यांनी पुन्हा वाचलं.

"आल्या आल्या," ते म्हणाले. "आल्या आल्या पाटी लावून घेतली."

मामी कापड सोडून आली. तिने सरळ विचारलं, "माझ्या खिडक्या शाबूत आहेत का?"

तिच्या खिडक्या शाबूत होत्या. नशीब म्हणायचं, कारण ह्याच वाटेने आलेले काही प्रोग्रॅम माणसाच्या सगळ्या फाइलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. मी तिचे फोटो आणि चित्रं वेगळ्या डिस्कवर काढली, तपासली, आणि कम्प्युटर पुसून पहिल्यापासून उभा केला. असा घुसलेला पाहुणा झाडूने जात नाही, घरच नव्याने बांधावं लागतं. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड दोघांना माझ्या फोनवरून बदलायला लावला.

मग तो अवघड भाग आला.

"आता मी एक प्रशासकाचं खातं वेगळं ठेवणार आहे," मी म्हटलं. "ते रोज उघडायचंच नाही. तुम्ही दोघं साध्या खात्यातून काम करायचं. काही नवीन बसवायचं झालं की कम्प्युटर प्रशासकाचा पासवर्ड मागेल. तो टाकला तरच काम होईल. म्हणजे चुकून काही आत यायला निघालंच तर निदान त्याच्या हातात सगळ्या घराच्या किल्ल्या पडणार नाहीत."

"पासवर्ड अर्थात माझ्याकडे," मामा म्हणाले.

मी मामीकडे बघितलं. मामीने मामांकडे बघितलं. कोपऱ्यात तो भाषा शिकवणारा संच धूळ खात पडला होता, त्याच्याकडे कुणीही बघितलं नाही.

"पासवर्ड मामीकडे," मी म्हटलं.

मामांनी नव्या पानावर आपलं नाव शोधलं आणि त्याखाली लिहिलेलं वाचलं: 'सामान्य वापरकर्ता'. "सामान्य," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा वेगळ्या सुरात, "वापरकर्ता." उठून गॅलरीत गेले आणि झाडांना पाणी घालायला लागले. त्या झाडांना मामीने सकाळीच पाणी घातलं होतं.

"येतील ताळ्यावर," मामी म्हणाली. मग तिने कात्री खाली ठेवली. "तुला एक सांगू? ते साहेबांच्या खुर्चीत बसायचे ना, तेव्हा कसे दमून यायचे. जो येईल त्याला हो म्हणायचे. नवा दिवा हवा? घ्या. खांब हलवायचा? हलवा. साहेब परत आले की सगळे खांब परत जागेवर न्यायचे. मला वाटतं, पाटी लागली नाही ते बरंच झालं. ह्या माणसाने साऱ्या गावाला दोन-दोन दिवे दिले असते."

मामांचा असहकार पुढे बरेच दिवस चालला. ते कम्प्युटरला हात लावेनात. जेवताना मामीला 'साहेब' म्हणायला लागले. "साहेब, मीठ." "साहेब, पंखा लावण्यास हरकत नसावी." मामीने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कार्यवाही करा." त्यावर मामांना हसू फुटलं आणि ठसका लागला, आणि तो बहिष्कार पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरला. वजीर पुन्हा यायला लागला. खेळ आता साधा होता, सोंगट्या पत्त्यासारख्या चपट्या, पण तो खऱ्या दुकानातून आला होता आणि मामीने स्वतः पासवर्ड टाकून बसवला होता.

पुढचं मला मामीने सांगितलं, सगळ्या आवाजांसकट.

दुपारची वेळ. मामी पडद्याला चुण्या घालत होती, ओठांत टाचण्यांची रांग. मामांचा फोन वाजला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "काका, मी कम्प्युटर सुरक्षा केंद्रातून बोलतोय. तुमच्या कम्प्युटरमध्ये फार मोठा धोका शिरलाय. मी मदत करतो."

मामा ते मामाच. माणूस मदत करतो म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणणार? त्याने सांगितलेलं पान त्यांनी उघडलं. त्याने सांगितलेला प्रोग्रॅम उतरवून घेतला. आणि बसवायला गेले तशी कम्प्युटरचा पडदा काळवंडून चौकट आली. ह्या वेळी 'होय' नव्हतं. पासवर्डची रिकामी जागा होती.

"पासवर्ड टाका काका, लवकर," आवाज म्हणाला.

"मला अधिकार नाही," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"मी सामान्य वापरकर्ता आहे."

"मग प्रशासक कोण आहे?"

"प्रशासक कामात आहेत."

"त्यांना फोन द्या ना!"

मामांनी मामीकडे बघितलं. "आत्ता नाही जमणार. त्यांच्या तोंडात टाचण्या आहेत."

मामी म्हणते, नेमक्या त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. त्यांनी खुर्ची ओढली, शर्टाची कॉलर नीट केली आणि आवाज बदलला. हा आवाज मामीने पूर्वी ऐकलेला होता. दिव्यांच्या खात्यात भल्याभल्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले तो हा टेबलामागचा आवाज.

"आपलं पूर्ण नाव सांगाल का?"

"काका, नाव कशाला? वेळ नाहीये!"

"नावाशिवाय विषय वर पाठवता येत नाही. पद?"

"मी... मी सुरक्षा अधिकारी."

"वर्ग कुठला?"

"वर्ग?"

"राहू द्या. आपले वरिष्ठ कोण? त्यांचं पत्र आहे का? धोका कधी निदर्शनास आला? आल्यावर आपण काय कार्यवाही केली? आणि ह्याआधी कुणाशी पत्रव्यवहार केला होता का?"

"काका, तुमचा कम्प्युटर आत्ता, ह्या मिनिटाला हॅक होतोय!"

"होत असेल," मामा म्हणाले. "पण जे होईल ते रीतसर होईल."

मामीच्या ओठांतल्या टाचण्या हसण्याने इतक्या हलायला लागल्या की गिळल्या जायच्या आत तिने त्या काढून टाचणीच्या उशीवर खोचल्या आणि फोन घेतला.

"बोला. मी प्रशासक."

"ताई, तुम्ही तरी समजून घ्या. नुसता पासवर्ड टाका."

"कशासाठी?"

"धोका आहे म्हणून."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

फोन कट झाला.

"तू जरा घाईच केलीस," मामा हळहळले. "मी त्याला सांगणार होतो की आठ दिवसांनी चौकशी करा."

मामीने त्यांच्याकडून तो उतरवलेला प्रोग्रॅम काढून टाकवला, फोनही मला लावला. मी सांगितलं की आत काही बसलेलं नाही, तरी येऊन बघते. आले, बघितलं, काही नव्हतं. साधं खातं म्हणजे काही चिलखत नव्हे. त्यातूनही माणूस आपल्या स्वतःच्या फाइली घालवू शकतो, बँकेचा आकडा बोलून जाऊ शकतो, म्हणून मामीच्या खिडक्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची सवय आम्ही लावली. पण त्या दुपारी तेवढ्याने भागलं होतं, आणि मामा आठवडाभर रस्त्यात भेटेल त्याला ही हकीकत सांगत होते.

मला वाटलं, आता ते पुन्हा प्रशासकपद मागतील. एवढी कामगिरी केली होती. मी विचारलंसुद्धा.

"छे!" मामा म्हणाले. "वेडी आहेस का? अगं, 'नाही' म्हणायला मला कसंसंच होतं. समोरच्याचा चेहरा पडतो. पण 'मला अधिकार नाही' म्हटलं की आपण वाईट होत नाही. उलट तोच म्हणतो, अरेरे. आयुष्यभर हे वाक्य मी फक्त दुःखाने म्हटलं गं. ते इतक्या कामाचं आहे, हे आत्ता कळतंय."

आणि मग त्यांनी ते वाक्य सगळीकडे चालवलं. विमा विकणारा आला, मामांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि दिलगिरीने म्हणाले, मला अधिकार नाही. सोसायटीच्या लोकांनी रंगकामाच्या समितीत घ्यायचं ठरवलं, तेव्हाही तेच. वजिराने एकदा मारलेला हत्ती परत मागितला, तर त्यालाही तेच म्हणाले, आणि वजीर डाव टाकून घरी गेला. मामी सांगते की त्या वर्षात घरात एकही नवा ब्रश आला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे एक प्रिंटर घेऊन गेले. मामीच्या चित्रांचे कागद छापून गिऱ्हाइकांना देता यावेत म्हणून माझ्याकडून भेट. मामी मापं घ्यायला गेली होती. मी प्रिंटर जोडला, प्रोग्रॅम उतरवला, चौकट आली.

"मामा, मामीने पासवर्ड सांगून ठेवलाय का?"

"मला अधिकार नाही."

"अहो, मी आहे ना. हे सगळं मीच बसवून दिलंय."

"ते खरं आहे." मामा माझ्या शेजारी येऊन बसले. "प्रोग्रॅम कुठून घेतलास?"

"प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून."

"पत्ता स्वतः लिहिलास, की शोधून आला त्यावर नुसतं दाबलंस?"

खरं सांगायचं तर मी शोधून आला त्यावर दाबलं होतं. मी ते पुसून पत्ता नीट तपासला आणि पुन्हा उतरवला. मामा मान डोलावत बघत होते, त्यात कुठे कुजकेपणा नव्हता. त्यांना नुसतं बरं वाटत होतं.

"आता मामीला फोन करू?"

"शिडीवर असेल. पडेल."

मग आम्ही दोघं बसलो. मामांनी चहा केला, साखर कमी पडली, पुन्हा केला. मामी आली तेव्हा बाहेर काळोख पडायला लागला होता. खांद्यावरची शिडी तिने भिंतीला लावली, प्रिंटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज डोळ्यांत जीव नाही गं माझ्या. उद्या बघू." मी इस्पितळाचे शेकडो कम्प्युटर सांभाळते, पण त्या घरात मामीच्या निकालावर अपील नव्हतं. मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मामीने सगळं वाचून, खात्री करून स्वतः प्रिंटर बसवला आणि पहिला कागद छापला. दंतवैद्य बाईंच्या खिडकीचा; त्यांच्या पडद्यांचा रंग अजून ठरलेला नव्हता. कम्प्युटरवर पडदा निळा होता, कागदावर तो हिरवा आला. कुठलीतरी शाई नीट बसली नव्हती. मामीचं लक्ष जाईपर्यंत मामा तो कागद घेऊन दवाखान्यात पोचलेही होते.

बाईंना तो हिरवाच आवडला. मामी आता दुकानादुकानांतून तसल्या हिरव्या कापडाच्या शोधात फिरते आहे, आणि तो हिरवा अजून कुठल्याही दुकानदाराने पाहिलेला नाही.